हरणांचं माझ्यावर सोडा

हरीण म्हटलं की माणसांचा चेहरा मऊ होतो. माझाही व्हायचा. जपानात, नागोयातल्या आमच्या फ्लॅटच्या फ्रिजवर एक फोटो होता, मोकळ्या फिरणाऱ्या हरणांसाठी प्रसिद्ध असलेल्या नारा शहरातला. मुलगी तीन वर्षांची, बायको हसतेय आणि मी हात पुढे करून एका हरणाला बिस्किट चारतोय. हरणाच्या चेहऱ्यावर आपल्यावर उपकार केल्याचा भाव. एका मे महिन्यात मी तो फोटो काढला आणि ड्रॉवरमध्ये पालथा टाकला. काय झालं म्हणून बायकोने विचारलं. मी म्हणालो, मेथी.

नागोयापासून गाडीने सव्वा तास डोंगराकडे गेलं की एक खेडं लागतं. तिथल्या एका आजींनी मला त्यांच्या शेतातला दोन गुंठ्यांचा तुकडा कसायला दिला होता. मी मोटारीचे भाग बनवणाऱ्या कंपनीत गुणवत्ता विभागात इंजिनिअर. मूळचा पुण्याचा, तेव्हा नऊ वर्षं जपानात झालेली. शेतीचा पूर्वानुभव म्हणजे बाल्कनीतली तुळस, आणि तीही दोनदा वाळलेली. तरी पहिल्या वर्षी तिथे मेथी आली, शेपू आला, चवळी आली. ऑफिसातल्या मराठी मंडळींना मी मेथीच्या जुड्या वाटल्या आणि त्या वाटताना माझा चेहरा कसा होता ते बायको अजून करून दाखवते.

आजींना आम्ही मराठीतच आजी म्हणायचो. अर्थ सांगितल्यावर त्यांनी तो शब्द दोन-तीनदा जिभेवर घोळवून पाहिला आणि ठेवून घेतला. वय ऐंशीच्या पुढे, कंबर काटकोनात वाकलेली, पण त्या कोनातही माझ्यापेक्षा भरभर चालायच्या. मला त्या इंदो-सान म्हणायच्या, म्हणजे आपल्याकडच्या हिशेबाने भारतराव. सगळं गावच म्हणायचं. गावात दुसरा इंदो नव्हता, त्यामुळे अडचण नव्हती.

तर मेथी. शनिवारी संध्याकाळी मी बघून गेलो तेव्हा वीतभर वाढलेली होती. रविवारी सकाळी आलो तर वाफा दाढी केल्यासारखा. मातीत दुभंगलेल्या खुरांचे ठसे, आणि मधोमध, मी मुद्दाम सांगतो, लेंड्या. खाऊन वर पोचपावती. मी त्या वाफ्याशेजारी उभा राहून पुण्यातल्या रिक्षावाल्यांसाठी राखून ठेवलेले सगळे शब्द डोंगराच्या दिशेने सोडले.

माझं झालं ते दोन जुड्यांचं नुकसान. आजींचं काय पणाला लागलंय ते मला जूनच्या पहिल्या रविवारी कळलं. आम्ही रताळ्याचे वेल लावत होतो. आदल्या दिवशी त्यांचा मुलगा येऊन गेला होता. तो नागोयात राहायचा, पंचावन्नचा असेल. त्याने आईला स्पष्ट सांगितलं होतं: मागची दोन वर्षं पीक हरणांनी खाल्लं, तू उगीच उन्हात राबतेस, एक दिवस बांधावर पडशील आणि कुणाला कळणारही नाही. या वर्षी ऑक्टोबरात रताळी नीट निघाली तर ठीक. नाहीतर शेत बंद, घर बंद, तू माझ्याकडे नागोयाला. आजींनी हे वेल खोचता खोचता सांगितलं, दुसऱ्या कुणाच्या घरची गोष्ट सांगावी तसं. मग म्हणाल्या की गोदामात जाळी पडून आहे, नवऱ्याने घेतलेली. खांब लोखंडी आहेत, एकटीला उचलत नाहीत. पुढच्या रविवारी बांधू या का?

इथे एखादा समजूतदार माणूस हो म्हणाला असता. मी कमरेवर हात ठेवून डोंगराकडे पाहिलं आणि म्हणालो, "आजी, जाळीची गरज नाही. हरणांचं माझ्यावर सोडा."

त्या थांबल्या. "म्हणजे काय करणार?"

"ते बघा तुम्ही."

माझ्या डोक्यात काय होतं ते मी त्यांना सांगितलं नाही. सांगितलं असतं तर हा लेख इथेच संपला असता आणि माझी अब्रूही शाबूत राहिली असती. मेथीच्या दिवसापासून मी अमेरिकन लोकांचे व्हिडिओ बघत होतो. पानांच्या छापाचे कपडे घातलेला जाडजूड माणूस झाडावर बसून कॅमेऱ्याच्या कानात कुजबुजतो, मग कंपाउंड बो ओढतो, थांबतो, सोडतो. कंपाउंड बो म्हणजे टोकांना चाकं आणि भोवती दोऱ्या असलेलं नव्या जमान्याचं धनुष्य. दिसायला सायकल आणि सतार यांच्या मधलं काहीतरी. बंदुकीचा परवाना मिळायला किती दिव्यं करावी लागतात ते मी वाचलं होतं, शिवाय घरात बंदूक आणली असती तर बायको घराबाहेर गेली असती. धनुष्याचं तसं नव्हतं. कायदाही मी बघितला. घोडा दाबून बाण सोडायचं जे आडवं धनुष्य असतं, त्याला परवानगी लागते. हाताने ओढायच्या धनुष्याला लागत नाही, दुकानात जाऊन घेता येतं. म्हणजे सरकारची हरकत नाही. एखाद्या पुरवठादाराने असला निष्कर्ष लिहून पाठवला असता तर मी तो अहवाल लाल शेरे मारून परत केला असता.

आता लपवालपवीचं कारण. आमचं घर शाकाहारी. जपानात मी त्यासाठी प्रसिद्ध. नऊ वर्षं मी प्रत्येक नूडलवाल्याला विचारत आलोय की रश्श्यात मासा आहे का, आणि प्रत्येक ऑफिस-पार्टीत काकडी खाऊन घरी येतो. हा माणूस हरणं मारायला निघालाय हे कुणाला सांगणार? बायकोला सांगितलं, पाठीसाठी व्यायाम. आजींना सांगितलं, व्यवस्था करतोय. दुकानदाराला सांगितलं, खेळ म्हणून. तीन माणसं, तीन थापा, आणि तिघांपैकी कुणालाही खरं सांगितलं असतं तर त्यांनी मला एका वाक्यात घरी बसवलं असतं.

बायकोने फक्त एवढंच विचारलं, "धनुष्य? तुझ्या पाठीसाठी?"

"ताठ उभं राहावं लागतं."

"ते फुकटही राहता येतं," ती म्हणाली आणि भाजी परतायला लागली.

मग मी निवडीला बसलो. आमच्या कंपनीत स्क्रू निवडायचा असला तरी तक्ता करतात. मी धनुष्यांचा केला. अठरा धनुष्यं, अकरा निकष, प्रत्येक निकषाला भारांक. ओढायला किती पौंड जोर लागतो, बाणाचा वेग, आवाज, वजन, दोन टोकांमधलं अंतर. अमेरिकन मंडळी म्हणत होती की हरणासाठी साठ-सत्तर पौंड हवेत. मी सत्तर लिहिलं आणि त्या रकान्याला पिवळा रंग दिला. जून संपला, जुलैही संपला. या काळात आजींचा एकदा फोन आला, जाळीचं काय करायचं म्हणून. मी म्हणालो, थोडं थांबा. माझा तक्ता तेव्हा बाराव्या आवृत्तीत होता.

धनुष्यांचं दुकान शहराच्या कडेला, भुयारी रेल्वेच्या शेवटच्या स्टेशनाजवळ. दुकानदार साठीचा, सडपातळ, गळ्यात चष्मा, कमरेला एप्रन. मी तक्त्याची प्रिंट पुढे ठेवली. त्याने ती दोन्ही हातांनी घेतली, शेवटपर्यंत वाचली, फार कष्ट घेतलेत म्हणाला आणि काउंटरवर पालथी ठेवली. मग टेप काढून माझे पसरलेले हात बोटांच्या टोकांपर्यंत मोजले. दोरी किती मागे येणार ते त्यावरून ठरतं. माझ्या अकरा निकषांत हे नव्हतंच.

कशासाठी हवंय, त्याने विचारलं. खेळासाठी, मी म्हणालो. तो इतका आनंदला की मला क्षणभर लाज वाटली. मग मी, अगदी सहज विचारल्यासारखं, टोकाला धारदार पाती असलेले, शिकारीचे बाण मिळतात का ते विचारलं. त्याचे हात थांबले.

"पात्याचे? निशाण्याची गादी फाटेल."

"नाही, दिसायला छान असतात."

त्याने माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. ते पाहणं मला नंतर पुष्कळदा आठवलंय. त्या वेळी त्याने एक प्रश्न विचारायला हवा होता किंवा मी एक उत्तर द्यायला हवं होतं. पण तो पडला जपानी आणि मी पडलो थापाड्या. आम्ही दोघांनी मान झुकवली आणि विषय संपला.

पुढे त्याने मला दोन्ही तळहातांचा त्रिकोण करून त्यातून भिंतीवरचं घड्याळ बघायला सांगितलं. एक डोळा मीट, आता दुसरा. निष्कर्ष असा निघाला की मी उजव्या हाताने जेवणारा, लिहिणारा, ब्रश करणारा माणूस त्रेचाळीस वर्षं जगाकडे डाव्या डोळ्याने नेम धरून बघतोय. म्हणून मी डावखुऱ्यांचं धनुष्य घ्यावं, असं त्याचं मत पडलं. मला राग आला. आयुष्यभराची सवय कुणी घड्याळाकडे बघून उलटी करतं का? मी उजवंच मागितलं. त्याने वाद घातला नाही. चाळीस पौंडांचं उजवं धनुष्य दिलं, मागच्या खोलीत पाच मीटरवर निशाणा लावला. तीन बाण, तिन्ही डावीकडे. तिसरा भिंतीवरच्या कॅलेंडरात, ऑगस्टच्या मधोमध.

आणि चाळीस पौंड ओढतानाच माझी जीभ बाहेर आली होती. सत्तर पौंडांचा पिवळा रकाना काउंटरवर पालथा पडला होता ते बरंच झालं.

पुन्हा एकदा ओढून बघतो, मी म्हणालो. बाण न लावता, नुसतं. या धनुष्याची गंमत अशी की आधी सगळा जीव काढून ओढावं लागतं आणि दोरी गालापाशी आली की चाकं फिरून एकदम हलकं होतं. पायरी आहे समजून पाऊल टाकावं आणि जमीन सपाट निघावी, तसं. मी दचकलो आणि दोरी सोडून दिली.

आवाज मला अजून ऐकू येतो. भिंतीवरची सगळी धनुष्यं थरथरली. माझ्या हातातल्या धनुष्याची दोरी चाकावरून उडून माझ्या दंडाला गुंडाळली गेली आणि वरची दांडी उभी चिरली. दुकानदार धावत आला, माझे हात, डोळे तपासले आणि मग कमरेतून वाकला.

"माफ करा. रिकामी दोरी सोडायची नसते हे मी आधी सांगायला हवं होतं. बाण असला की जोर बाणाबरोबर जातो. नसला तर धनुष्यातच फिरतो."

मी त्याचं धनुष्य मोडलं आणि माफी तो मागतोय. याच्याइतका राग मला नुकसानीचाही आला नसता. मी भरपाई देऊ केली, त्याने ऐकलं नाही. मग मी मान खाली घालून तो सांगेल ते घेतलं. चाळीस पौंडांचं, डावखुऱ्यांचं, माझ्या तक्त्यात नसलेलं एकोणिसावं धनुष्य. वर त्याने ताकीद दिली की आधी नवशिक्यांचा वर्ग करायचा आणि मगच मैदानावर एकट्याने जायचं. वर्ग रविवारी असायचा.

तेव्हा रविवार गेले. ऑगस्ट गेला, सप्टेंबर गेला. दोरी हातावर बसून कोपरापासून मनगटापर्यंत वांगी रंगाचा पट्टा उठला. बायकोने तो पाहून विचारलं की पाठ नेमकी कुठून सुरू होते. आजींचा ऑगस्टात पुन्हा फोन आला. मी पुन्हा म्हणालो, थोडं थांबा, आजी. त्या म्हणाल्या, बरं. तिसऱ्यांदा त्यांनी फोन केला नाही, आणि मला वाटलं, बघा, विश्वास बसला.

खरं सांगायचं तर मला मजा येत होती. वीस मीटरवरून जेवणाच्या ताटलीएवढ्या गोलात बाण बसायला लागले. व्हिडिओतले लोक म्हणायचे की हरणाची नेमाची जागा ताटलीएवढी असते. प्रत्येक बाणाला मी मेथीच्या वाफ्याची आठवण करायचो. असा निवांत, आठवड्यातून एकदा, भाड्याच्या मैदानावर जाऊन काढायचा राग माणसाला फार मानवतो. माझं वजनही दोन किलोने कमी झालं.

ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी मी धनुष्याची पेटी डिकीत टाकून गावाला गेलो. सात आठवड्यांनी. आधी शेत दिसलं. रताळ्याचे वेल जमिनीवर गालिच्यासारखे पसरलेले असायला हवेत. तिथे नुसत्या काड्या होत्या. पानं नाहीत. सगळीकडे खुरं. कडेला तीन लोखंडी खांब रोवलेले होते, तिन्ही तिरके, आणि त्यांना हातभर जाळी बांधून सोडून दिलेली.

आजींनी शेताबद्दल अवाक्षर काढलं नाही. ओसरीवर बसवून चहा दिला. मी म्हणालो, आता काळजी नको, आणि लग्नात दागिने दाखवतात तशी पेटी उघडली.

त्यांनी एका बोटाने वरचं चाक फिरवून पाहिलं. "सुंदर आहे. कशासाठी?"

"हरणांसाठी."

त्यांनी कप खाली ठेवला. "धनुष्याने शिकारीला बंदी आहे, इंदो-सान."

मी म्हणालो की मी बघितलंय, परवाना लागत नाही. त्या म्हणाल्या की विकत घ्यायला लागत नाही, शिकारीला चालतच नाही. बंदूक नाहीतर सापळा, तोही परवाना काढून, तोही हिवाळ्यात. त्यांचा नवरा तीस वर्षं शिकारी होता. बाण लागलेलं जनावर डोंगरभर पळत राहतं, मरत नाही, सापडत नाही, म्हणून मनाई. गावात हे शाळेतल्या मुलांनाही माहीत आहे. मग त्यांनी विचारलं, "इतके रविवार तू हे शिकत होतास?"

"हो."

त्यांनी चहाचा घोट घेतला. "मला वाटलं तुमच्या घरी कुणी आजारी आहे. म्हणून मी परत फोन केला नाही."

परतीच्या सव्वा तासात मी रागाने स्टिअरिंग आवळून बसलो होतो. आधी हरणांवर. मग झाडावर बसलेल्या त्या जाड्यावर, ज्याने आपल्या कुजबुजीत एकदाही सांगितलं नाही की हे आमच्याकडे चालतं, तुमच्याकडचं तुम्ही बघा. मग विकू देणाऱ्या आणि मारू न देणाऱ्या सरकारवर. मग दुकानदारावर, की पात्याच्या बाणांचं विचारल्यावर माझी कॉलर का धरली नाहीस. टोलनाक्यापर्यंत सगळ्यांचा नंबर लावून झाला. मग गाडीत एकच माणूस उरला, आणि तो गाडी चालवत होता.

बायकोला मी सगळं सांगितलं. ती पोळ्या लाटत होती, लाटणं हातातच राहिलं.

"मेथीसाठी खून करणार होतास?"

"आधी मेथीसाठी. मग रताळ्यांसाठी."

"ते मारायचं आपण नंतर बघू. ती बाई तुला जाळी बांधायला बोलवत होती आणि तू गेला नाहीस?"

"मी म्हटलं होतं की..."

"मी ऐकलंय काय म्हटलं होतंस. ते तिरके खांब कुणी रोवले मग?"

मला उत्तर माहीत होतं, तिलाही होतं. ती परत पोळी लाटायला लागली. त्या घरात मी दोन दिवस स्वतःच्या हाताने चहा करून प्यायलो.

पुढच्या शनिवारी आम्ही तिघं गेलो. धनुष्य घरात नको असं बायकोने बजावलं होतं, म्हणून पेटीही नेली आणि आजींच्या गोदामात ठेवली. आमची मुलगी आता बारा वर्षांची आहे आणि मराठीत विचारलं तर जपानीत उत्तर देते. तिने खांब धरले, बायकोने जाळी ओढली, मी घण मारला. संध्याकाळी चारच्या आत शेताला पूर्ण कुंपण झालं. मुलीने घाम पुसत चौफेर बघितलं आणि जपानीत म्हणाली, बाबा, हे तर एका दिवसाचं काम होतं. ती अतिशय सरळ मनाची मुलगी आहे. मला तिचाही राग आला.

ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी आजींचा मुलगा आला. रताळी काढायचा दिवस. मीही गेलो, एकटा. फावड्याने मातीचं पहिलं ढेकूळ उलटलं आणि खाली निघाली ती बोटाएवढी रताळी. पानंच नव्हती तर पोसणार कशावर? दुसरा वाफा, तिसरा वाफा. बोटं, बोटं, एखादं मनगटाएवढं. आजी प्रत्येक रताळं झटकून पाटीत ठेवत होत्या, मोठं असल्यासारखं.

मुलगा वाईट नव्हता. तो वाईट असता तर सोपं गेलं असतं. त्याने कुंपणाला हात लावून बघितलं आणि हळू आवाजात विचारलं, "आई, ही जाळी नवीनच बांधलेली दिसते. जूनमध्ये का नाही बांधलीस?"

आजींनी वर पाहिलं नाही. "विसरले."

"बघ. विसरतेस तू आता." हे त्याने इतक्या मायेने म्हटलं की ऐकवेना. पुढचं वाक्य काय असणार ते आम्हा तिघांनाही माहीत होतं. तो ते बोलला नाही, खोकी आणतो म्हणून गोदामात गेला.

मी तोंड उघडायला हवं होतं. मी मातीकडे बघत उभा राहिलो. नऊ वर्षांत शिकलेलं माझं जपानी नेमकं अशा वेळी शाळकरी होतं. तेवढ्यात तो गोदामातून आला, हातात खोकं नाही, माझं धनुष्य.

"हे काय आहे? हेही विसरलीस?" आता आवाज चढला होता. आई काय काय उद्योग करते असं त्याला वाटलं असावं. रागाच्या भरात त्याने ते डावखुरं धनुष्य कसंबसं पकडलं, दोरीत बोटं घातली आणि ओढलं. रागात माणसाला चाळीस पौंड काहीच वाटत नाहीत. दोरी गालापाशी आली, चाकं फिरली, हलकं झालं, आणि त्याच्या चेहऱ्यावर तेच आलं जे दुकानात माझ्या चेहऱ्यावर आलं असणार.

"सोडू नका," मी ओरडलो. "बाण नाहीये. सोडलंत तर मोडेल, तुमच्या तोंडावर येईल. सोडू नका."

तो थांबला. पूर्ण ओढलेलं धनुष्य घेऊन, कोपर वर, डोळे विस्फारलेले, बँकेतल्या माणसासारखा कोट घातलेला आणि पायांत चिखलाचे गमबूट. त्याला सोडताही येईना आणि परतही आणता येईना, कारण परत आणताना ते हलकेपण संपतं आणि दोरी अंगावर झेपावते. त्याला पळता येत नव्हतं, मला अडवता येत नव्हतं, हात वर करून थांब म्हणता येत नव्हतं. एवढी चांगली संधी मला आयुष्यात परत मिळाली नसती.

मी बोलून घेतलं. आजी विसरल्या नाहीत. जूनमध्ये त्यांनी मला जाळी बांधायला बोलावलं, फोनही दोनदा केला. मी नाही म्हणालो. हे धनुष्य माझं आहे. मी हरणं मारणार होतो. बंदी आहे हे मला माहीत नव्हतं, कारण मी कुणाला विचारलं नव्हतं. ते तीन तिरके खांब तुमच्या आईने एकटीने रोवलेत. क्रियापदं चुकत होती, आदरार्थी रूपं तर मी केव्हाच सोडून दिली होती.

त्याच्या दंडाला कंप सुटला होता. दात आवळून तो म्हणाला, "आता काय करू?"

मी मागून जाऊन दोरीत माझी बोटं घातली, दुसऱ्या हाताने धनुष्य धरलं, आणि चार हातांनी आम्ही ती दोरी इंच इंच पुढे नेली. मग तो मटकन पाटीच्या कडेवर बसला. दोन-चार रताळी चिरडली. बराच वेळ तो बोटं चोळत होता.

"तुम्ही ते शाकाहारी ना?" त्याने शेवटी विचारलं.

"हो."

"गावात सांगतात, रश्श्यात मासा आहे का विचारता."

"हो."

तो हसला नाही. हसला असता तर मला बरं वाटलं असतं. तो आईकडे वळला. "विसरले का म्हणालीस?"

"ते सांगायला सोपं होतं," आजी म्हणाल्या.

मग त्याने मला विचारलं की पुढच्या जूनमध्ये जाळी कोण बघणार. मी म्हणालो, मी. पावसाळ्यानंतर खांब सैल होतात, ते कोण ठोकणार? मी. रविवारी? प्रत्येक. त्याने मान हलवली, पटल्यासारखी नव्हे, नोंद केल्यासारखी. "हिवाळाभर आई माझ्याकडे राहील. मार्चमध्ये परत आणून सोडतो. एकच वर्ष. पीक आलं नाही तर मग कुणाचंच ऐकणार नाही." आजींना नागोयातला हिवाळा अजिबात नको होता, ते त्यांच्या पाठीवरूनच कळत होतं. पण त्या पाटी उचलून पुढच्या वाफ्याकडे गेल्या.

धनुष्य मी दुकानात परत नेलं आणि दुकानदाराला या वेळी खरं सांगितलं. त्याने दातांतून श्वास आत ओढला. "म्हणजे पात्याचे बाण..." म्हणाला, आणि पुन्हा कमरेतून वाकला. मी विचारायला हवं होतं, माफ करा. मी त्याला शेवटी वैतागून सांगितलं की तुम्ही कृपा करून माझी माफी मागणं बंद करा. यावरही त्याने माफी मागितली.

आजी मार्चमध्ये परत आल्या, नागोयाला शिव्या देत. आता जून आहे. रताळ्यांचे वेल लागलेत, मेथी वीतभर आहे आणि मी आतल्या बाजूने कुंपणाचा खांब धरून उभा आहे. जाळीपलीकडे दहा मीटरवर एक मादी आणि तिचं पिल्लू उभं आहे. दहा मीटरवर. ताटली मला इथून स्पष्ट दिसते. ती माझ्याकडे बघते, मेथीकडे बघते, पुन्हा माझ्याकडे. नारातल्या फोटोतलाच भाव. गेल्या वर्षीचा सगळा राग घशाशी आला आणि पुण्याच्या रिक्षावाल्यांचे ते शब्द मी पुन्हा बाहेर काढले, यादीतल्या पहिल्यापासून.

हरणं हलली नाहीत.

"इंदो-सान," आजी घण उचलून म्हणाल्या, "खांब सरळ धर. बोलताना तो हलतो."